एकच भाषा, तीही उसनी

“मॅम, जूनपर्यंत बोलेल ना हो?” असं कुणी विचारलं की श्यामलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जूनपर्यंत म्हणे! मूल आहे का रस्त्याचं खोदकाम? “मी बोलायला शिकवते, पंचांग बघत नाही,” असं त्या तोंडावर सांगायच्या. मग समोरची आई रडवेली झाली की स्वतःच उठून तिला पाणी आणून द्यायच्या. पाणी देतानासुद्धा तोंड चालूच. “घ्या. आणि डोळे पुसा, पोरगं बघतंय.”

अशा तिखट तोंडाची बाई लहान मुलांना बोलायला शिकवते, याचं पुष्कळांना नवल वाटे. पण मुलांवर त्या कधी चिडत नसत. एखादं पोर अर्धा तास नुसतं गाडीचं चाक फिरवत बसलं, तर याही शेजारी मांडी घालून चाक फिरवत बसायच्या. राग सगळा मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेला. रोज सकाळी नारायण पेठेतून स्कूटर काढायची, वाटेत भेटेल त्या रिक्षावाल्याला शहाणपण शिकवायचं आणि वारज्याला यायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम.

वारज्याला एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. एक त्यांची, बोलण्याची. दुसरी भाग्यश्रीची, तिथं छताच्या हुकाला रुंद कापडी झोका टांगलेला. भाग्यश्री ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हणजे काय ते आयांना सांगून सांगून तिचा घसा बसायचा. कुणाला बटण लावता येत नाही, कुणाला हाताला भात चिकटलेला सोसत नाही, कुणी पाय जमिनीवरून सुटला की किंचाळतं. अशा मुलांचं अंग नि हात हळूहळू कामाला लावायचे, हे तिचं काम. “खेळवतातच की नुसतं,” असं बाहेर बसलेल्या आया कुजबुजायच्या. श्यामलाबाईंचे कान तिखट. त्या दार उघडून म्हणायच्या, “हो, खेळवतोच. घरी कुणी खेळवत नाही म्हणून इथं खेळवावं लागतं.”

शंभू इथं आला दिवाळीनंतर. चार वर्षांचा होत आलेला, टपोऱ्या डोळ्यांचा, आणि शब्द एकही नाही. काही हवं असलं की मोठ्या माणसाचं मनगट धरून ओढत न्यायचा. हाक मारली तर मनात आलं तर बघायचा. कानांची तपासणी झाली होती, कानांत काही दोष नव्हता. आई नम्रता आणि वडील बद्रीनाथ दोघंही हिंजवडीला कंपनीत. मूळची दोघंही बीड जिल्ह्यातली, केजकडची. पहिल्याच भेटीत श्यामलाबाईंनी नम्रताला विचारलं, “तुम्ही दोघं कामावर. मग दिवसभर त्याच्याशी बोलतं कोण?”

“सासूबाई असतात ना घरी,” नम्रता म्हणाली.

“छान. मग त्यांनाच घेऊन येऊ दे त्याला.”

झालं! त्या ‘छान’नंच सगळा घोटाळा केला, पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. पण ते पुढं.

सासूबाईंचं नाव सत्यशीलाबाई. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात शंभूच्या पाण्याच्या बाटलीची पिशवी. रिक्षातून उतरून त्या आत यायच्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसायच्या, जणू खुर्ची कुणाच्या तरी नावावर आहे. श्यामलाबाई दर वेळी त्यांना घरचा अभ्यास समजावून द्यायच्या. “आजी, हात धुताना त्याच्याशी बोला. भाजी निवडताना बोला. भाकरी थापताना बोला. ‘बोल, बोल’ करून त्याच्या मागं लागू नका, तुम्ही बोला. मूल आधी ऐकतं, साठवतं, मग बोलतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

सत्यशीलाबाई मान डोलवायच्या. पुढच्या खेपेला शंभू होता तसाच. श्यामलाबाई पुन्हा सांगायच्या, त्या पुन्हा मान डोलवायच्या. पालथ्या घड्यावर पाणी!

“नंदीबैल आहे हो नुसती ती बाई,” एका संध्याकाळी श्यामलाबाई घरी नवऱ्यापाशी तणतणल्या. “सगळ्याला होकार, आणि करायचं काहीच नाही. त्या पोराकडं बघवत नाही मला. डोळ्यांत सगळं आहे त्याच्या, बाहेर येत नाही. आणि हिला दोन शब्द बोलायला होतं काय? मी रोज तुमच्याशी इतकी बोलते, तुम्ही तरी कधी तोंड उघडता?”

श्रीधरराव पेपरातून मान वर न करता म्हणाले, “मी अजून साठवतोय.”

त्या रात्री श्रीधररावांना आमटी गार मिळाली.

दुसऱ्या दिवशी श्यामलाबाईंचा उरलासुरला धीर सुटला. सत्यशीलाबाई खुर्चीच्या कडेवर टेकायच्या आतच त्यांनी तोफ डागली. “आजी, खरं सांगा, घरी तुम्ही याच्याशी बोलता का? की मोबाईल हातात देऊन आपण गप बसता? अहो, मी इथं आठवड्यातून दोनदा भेटते त्याला. बाकी सगळा वेळ तो तुमच्यापाशी असतो. तुम्हीच तोंडाला कुलूप लावलंत तर या पोरानं शिकायचं कुणाकडून?”

सत्यशीलाबाईंचे ओठ हलले. त्या फरशीकडं बघत राहिल्या, आणि श्यामलाबाई पाय आपटत आत निघून गेल्या.

थोड्या वेळानं झोक्याच्या खोलीतून शंभूचं किंचाळणं ऐकू यायला लागलं. ते नेहमीचंच होतं. भाग्यश्री त्याला झोक्यात बसवायची, पायाखालची गादी सुटली की तो घर डोक्यावर घ्यायचा. ती त्याला सावकाश, जमिनीला पाय टेकतील इतकंच हलवायची, “रेडी, स्टेडी, गो” म्हणायची, आणि हा गो म्हटलं रे म्हटलं की आणखी मोठ्यानं. पण त्या दिवशी किंचाळणं मध्येच थांबलं. इतकं अचानक, की श्यामलाबाई हातातलं काम टाकून उठल्या. पडलं की काय पोरगं! त्या धावत दारापाशी गेल्या.

पोरगं पडलं नव्हतं. सत्यशीलाबाई झोक्यापाशी उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, आणि त्यांच्या तोंडाला खळ नव्हता.

“भिऊ नगं रं माज्या राजा, मी हाय की. ही बघ यष्टी निघाली, निघाली, निघाली… केजला गेली! कोन भेटलं केजला? आत्या भेटली. काय दिलं आत्यानं? शेंगदान्याचा लाडू दिला. चला, फिरली माघारी… आली आली, घरला आली! आनिक जायाचं का? आनिक?”

शंभू झोक्याच्या दोऱ्या घट्ट धरून बसला होता आणि टक लावून आजीच्या तोंडाकडं बघत होता. या पोरानं कुणाच्या तोंडाकडं इतका वेळ बघितलेलं श्यामलाबाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. भाग्यश्री तर भिंतीला पाठ लावून उभीच राहिली.

सत्यशीलाबाईंनी वळून बघितलं. दारात श्यामलाबाई. त्यांनी चोरी सापडल्यासारखा तोंडाला पदर लावला.

“चुकलं बाई माझं. सुनेला सांगू नगा.”

“काय सांगू नको?”

“लेकरापुढं आपलं बोलायची बंदी हाय. एकच भाषा पायजे म्हनं, न्हाईतर लेकरू गोंधळतं. घरात विंग्रजीच बोलायचं. मला ती येत न्हाई. ‘कम’, ‘शिट’ आन् ‘नो’, इतकंच शिकिवलंय. म्हून मी गपच ऱ्हाते. तो उठल्यापस्नं झोपंपतूर गप.”

श्यामलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, मग इतके दिवस मी बोला बोला म्हणून जीव तोडून सांगत होते, तेव्हा मान कशाला डोलवत होतात?”

“तुमी लई चिडला व्हता, बाई.”

पुण्यातल्या भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या श्यामलाबाईंना त्या म्हातारीनं एका वाक्यात गप्प केलं. पण गप्प राहणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसल्यामुळं त्यांनी लगेच नम्रताला फोन लावला. नम्रता मीटिंगमध्ये होती. “असू दे मीटिंग,” श्यामलाबाई म्हणाल्या. “शनिवारी या. कारण सांगू नका, या.”

शनिवारी नम्रता आली. खांद्याला लॅपटॉपची बॅग, डोळ्यांखाली काळं, बोटाला शंभू, मागे सासूबाई. आजीनातवाला तिनं बाहेरच बसवलं आणि आत येऊन म्हणाली, “मॅम, मला माहितीये तुम्ही काय बोलणार आहात. आई उद्या सकाळच्या गाडीनं गावी जातायत. आम्ही डे-केअर फायनल केलंय. तिथं सगळं इंग्लिश असतं, म्हणजे कन्फ्युजनच नको.”

श्यामलाबाईंना खुर्चीतून उठावंच लागलं. “गावी जातायत? अहो, त्या घरात त्या पोराशी मनापासून बोलू शकेल असं एकच माणूस आहे. त्याचं तोंड तुम्ही बांधलंत, आणि आता त्या माणसालाच गाडीत बसवून देताय?”

“आमच्या पेरेंट्स ग्रुपवर सगळ्यांनी तेच सांगितलं, मॅम. दोन भाषांनी मूल गोंधळतं, एकच ठेवा. शाळा इंग्लिश, म्हणून इंग्लिश ठेवली.”

“ग्रुपवर! उद्या ग्रुपवाले म्हणतील, पोराला छतावर उभं करा. दोन भाषांनी कुठलंही मूल मुकं होत नाही हो. शंभूची अडचण मुळातली आहे. ती तुमच्यामुळं आली नाही, आजींमुळं तर नाहीच. पण मला सांगा, तुम्ही त्याच्याशी इंग्रजीत बोलता काय?”

नम्रता बोटांवर मोजायला लागली. “सिट. ईट. कम हिअर. डोन्ट टच. गुड बॉय.”

“आणि पुढं?”

पुढं काही आलं नाही.

“ऑफिसात दिवस दिवस इंग्रजी बोलत असाल. पण पोराला मांडीवर घेऊन लाडानं, वेड्यासारखं, उगाचच काहीबाही बडबडायचं इंग्रजी तुम्हाला कुणी शिकवलंय का? मलाही येत नाही. एकच भाषा ठेवलीत, तीही उसनी! हुकूम सोडायला पुरते ती, गप्पा मारायला नाही पुरत.”

नम्रताचा चेहरा लाल झाला. इतका वेळ ती मॅम मॅम करत होती. आता तिनं भिंतीकडं बोट केलं. “मग हे काय आहे?”

श्यामलाबाईंनी भिंतीकडं पाहिलं. ॲपल, बॉल, कॅट, डॉग. रंगीत तक्ते छतापर्यंत.

“दारावरचं नाव इंग्लिश. तक्ते इंग्लिश. भाग्यश्री मॅम झोक्यावर रेडी, स्टेडी, गो म्हणतात. तुम्ही ‘गुड जॉब’ म्हणून टाळी देता. मी हे बघूनच घरी तसं केलं, मॅम. मला वाटलं, हेच बरोबर.”

आता आली का पंचाईत! पण नम्रताचं अजून संपलं नव्हतं. कित्येक वर्षांचं साचलेलं होतं, ते सगळं एकदम बाहेर आलं.

“मी केजहून इथं इंजिनिअरिंगला आले. पहिल्याच वर्षी वर्गात उभं राहून काही सांगायचं होतं. मी ‘हाय’ म्हटलं, ‘न्हाई’ म्हटलं, आणि अख्खा वर्ग हसला. तुमच्याच पेठेतल्या मुली होत्या, अगदी तुमच्यासारखं शुद्ध बोलायच्या. राग मानू नका. नंतर वर्ष संपेपर्यंत त्या मला ‘हाय हाय’ अशीच हाक मारायच्या. मी वर्गात परत तोंड उघडलं नाही. पुढं इंग्लिश घोकून घोकून शिकले, तेव्हा कुठं लोक ऐकायला लागले.” तिचा आवाज फाटला. “शंभूला आधीच इतकं जड जातंय, मॅम. त्यानं मरमर करून एक शब्द काढला आणि तोही ऐकून कुणी हसलं तर? मी काय करू?”

श्यामलाबाईंना स्वतःचं कॉलेज आठवलं नाही, कुठली मैत्रीणही आठवली नाही; आठवली ती परवा चोरी सापडल्यासारखी उभी राहिलेली म्हातारी. ही आईसुद्धा तिच्यासारखीच तोंडाला पदर लावून जगत होती, फक्त पदर इंग्रजी होता. मेल्या या गावाला शुद्धतेची भारी हौस! त्यांना सगळ्या पुण्याचाच राग आला, आणि पुण्यात त्या स्वतःही आल्या.

“हसणाऱ्यांचं मी काही करू शकत नाही,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “इथं कुणी हसलं तर मात्र त्याला दाराबाहेर काढीन, तो कुठल्याही पेठेतला असो. तुम्ही अर्धा तास द्या मला. मग आजींना खुशाल गाडीत बसवा. चला.”

शंभूला झोक्यात बसवलं. भाग्यश्री बाजूला झाली. श्यामलाबाई सत्यशीलाबाईंना म्हणाल्या, “परवाची एसटी काढा बघू, आजी.”

सत्यशीलाबाईंनी भीत भीत सुनेकडं पाहिलं. सून जमिनीकडं बघत होती. नाही म्हणाली नाही, तेवढं म्हातारीला पुरलं. आणि मग काय! धरण फुटावं तशी म्हातारी सुटली. यष्टी केजला गेली, अंबाजोगाईला गेली, वाटेत म्हैस आडवी आली, कंडाक्टर वरडला, आत्यानं लाडू दिला, मामानं ऊस दिला, एकातून दुसरं निघतच राहिलं. शंभू हसायला लागला. मोठ्यानं, खिदळून. पण बोलायला त्याला सुईच्या टोकाएवढी जागा म्हातारी ठेवीना.

“अहो आजी, श्वास घ्या!” श्यामलाबाई पुन्हा चिडल्याच. “आधी बोलत नव्हतात, आता थांबत नाही! माझ्या नशिबी काय एकेक येतंय! ऐका. एसटी घरी आणा, ‘आनिक?’ म्हणा, आणि झोका धरून ठेवा. मग गप. त्याच्याकडं बघत राहा, पण गप.”

“किती येळ?”

“त्याला लागेल तेवढा.”

आजीनं यष्टी घरला आणली. “आनिक?” म्हणाली आणि झोका छातीशी धरून उभी राहिली.

शंभूनं वाट बघितली. झोका हलेना. त्यानं ढुंगण हलवून बघितलं. आजीचं मनगट ओढलं. आजी हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण श्यामलाबाईंचा धाक मोठा. वरच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू यायला लागला. नम्रताला राहवेना, तिच्या तोंडून “शंभू, से…” इतकं निघालं, तोच श्यामलाबाईंनी असे डोळे वटारले की पुढचा शब्द घशातच राहिला. शंभू आजीच्या ओठांकडं बघत होता. त्याचे स्वतःचे ओठ मुडपले, सुटले, पुन्हा मुडपले. मान आखडली, हाताच्या मुठी वळल्या, सगळं अंग कामाला लागलं.

“आ… निक.”

अर्धंमुर्धं, घोगरं, पण स्वच्छ कळेलसं.

आजीच्या हातून झोका सुटला. भाग्यश्रीनं ओंजळीत तोंड लपवलं. आणि नम्रता, इतका वेळ जमिनीला खिळलेली नम्रता, दोन ढांगांत पुढं आली.

“आनिक जायाचं व्हय रं माज्या सोन्या? आनिक?” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण या खोलीत कुणी कधी ऐकला नव्हता. “चल की मंग! धर, गच्च धर. निघाली बघ यष्टी, निघाली… निघाली…”

कुणी हसलं नाही. हसला तो एकटा शंभू.

“आगं, माझ्या उद्याच्या गाडीचं…” सत्यशीलाबाईंनी मागून विचारलं.

“कसली गाडी घेऊन बसलात, आई?” नम्रता वळूनसुद्धा न बघता करवादली. गाल भिजले होते, ते पुसायलाही तिचे हात मोकळे नव्हते. “पुढं काय व्हतं ते सांगा. म्हैस कुठं आडवी आली? मला आता आठवंना झालंय.”

म्हातारी खुर्चीवर बसली. या वेळी कडेवर नाही, टेकून बसली, आणि पुढचं सांगायला लागली.

श्यामलाबाई तिथून निघाल्या. आपल्या खोलीत येऊन त्यांनी ॲपलचा तक्ता एका कोपऱ्यातून ओढला. टर्रकन अर्धाच फाटला. बाकीचा भिंतीला तसाच. दुसरा कोपरा ओढला, तर बरोबर रंगाचा पोपडा आला.

“कसला डिंक लावलाय मेल्यांनी!” त्या ओरडल्या. डिंक त्यांनीच लावला होता.

भाग्यश्री दारात येऊन उभी राहिली. श्यामलाबाईंनी तिच्याकडं पाठ केली, नाक ओढलं, आणि बॉलच्या तक्त्याला नख लावलं. पलीकडच्या खोलीतून पुन्हा तो घोगरा आवाज आला, या वेळी कुणी न विचारता.

“रडतेय वगैरे काही नाही मी,” श्यामलाबाई म्हणाल्या. “बघत काय उभी राहिलीस? ओलं फडकं आण.”